चिठ्ठीखाली चिठ्ठी

तार्तूच्या बुरशी-संग्रहात सकाळी नऊला दिवे लागतात.
डिसेंबरात त्याआधी खिडकीत काही नसतंच.
हेल्मे सारापू, वय त्र्याऐंशी,
पगारपत्रकातून नाव गेलं त्याला वीस वर्षं झाली,
किल्ली अजून तिच्याकडेच.

आज माडिस जिना उतरून येतो, हातात कागद.
सदुसष्ट साली अल्डरच्या कुजक्या बुंध्यावरून
तिने चाकूने सोडवलेली ती करडी,
कानाच्या पाळीएवढी बुरशी
त्या कुळातली नाही म्हणे.
रेणूंची अक्षरं लावून पाहिली.
तीनदा पाहिली, तो म्हणतो,
जणू अपराध त्याचा.

आपल्याकडे ऋषीचं कूळ विचारत नाहीत, नदीचं मूळही.
इथे ही दोघं बुरशीचं विचारत बसतात.
तिने आयुष्यभर विचारलं भिंगातून:
छिद्रं गोल की लांबट,
वास बडीशेपेचा की ओल्या पुठ्ठ्याचा,
पोटॅशच्या थेंबात बीजाणू फुगतो का.
तो यंत्राला विचारतो.
यंत्राला वास येत नाही.

माडिसचं मूळ काम विकरांचं.
लाकूड पचवणारी विकरं, त्यांचीही कुळं,
कुणाच्या पोटात तांब्याचे चार अणू,
कुणाच्या लोखंडाचा एकच.
"घडी तीच," तो बोटांनी हवा दुमडून दाखवतो,
"पण इथली खाच जरा अरुंद,
म्हणून उपकूळ वेगळं."
ती ऐकून घेते, चष्मा पुसते.
"आणि लाकडाला काय फरक पडतो?"
"काही नाही. ते कुजतंच."
दोघंही हसतात, ती थोडी जास्त.

तिचा बाप जन्मला हाझेलबाउम.
छत्तीस साली सरकारने सुचवलं, नावं एस्टोनियन करून घ्या;
तो रांगेत उभा राहिला, शिक्का पडला,
संध्याकाळी सारापू होऊन घरी आला.
दोन्ही भाषांत अर्थ एकच, हेझलचं झाड.
एकोणपन्नासच्या मार्चात याद्या आल्या
त्या कुटुंबवार.
ती आठ वर्षांची, त्या रात्री मावशीकडे, कांजिण्यांनी फणफणलेली.
यादीत सारापू सहा होते,
मालगाडीत पाच चढले.
पुढची सात वर्षं ती शाळेत
मावशीच्या आडनावाने बसली,
आणि हजेरीला नेहमी
एक श्वास उशिरा "हजर" म्हणाली.

हे तिने नाही सांगितलं.
मला वीर्वेने सांगितलं, पाकिटांच्या घड्या घालताना,
मान वर न करता.

संग्रहात नियम फार नाहीत.
जुनी चिठ्ठी काढायची नाही. खोडायची नाही.
नवी तिच्याखाली डकवायची:
काय ठरलं, कुणी ठरवलं, कोणत्या साली.
एका पाकिटावर तर सहा चिठ्ठ्या आहेत,
सहा माणसं, सहा कुळं,
आत बुरशी तीच, वाळून नखासारखी.

हेल्मे नवं कूळ स्वतःच्या अक्षरात लिहिते,
पेन्सिलीने नाही, काळ्या शाईने.
सहीची जागा माडिसपुढे सरकवते.
तो म्हणतो, तुम्हीच करा. ती म्हणते, मी वर आहे ना.
मग पाकीट उघडून त्याच्या नाकाशी धरते.
"बडीशेप."
तो हुंगतो. पुन्हा हुंगतो.
"काहीच येत नाही."
"येतो," ती म्हणते.

चौदा नंबरच्या कपाटातून एकतिसाव्याकडे
लांबलचक बोळ, मधे दोन पायऱ्या.
ती कुणाला हात लावू देत नाही.
एकतिसाव्याचा तिसरा खण ओढते
आणि आत आधीपासून कोण कोण आहे
ते वाचते, एकेक नाव, मोठ्याने,
जरा थांबत थांबत.
माडिस घड्याळ बघतो, काही बोलत नाही.
शेवटच्या नावानंतर
ती पाकीट खाली ठेवते.
खण लावायला
थोडा उशीर करते.